एक टक्का

बजेटच्या दिवशी मी फॉल लावत होते
मोरपंखी साडीला, कन्हैयानगरातल्या दोन खोल्यांत.
घरमालकाचा टीव्ही भिंतीपलीकडे.
आमच्याकडे चित्र येत नाही, नुसता आवाज येतो.
लाख कोटी, लाख कोटी,
मधेच बाकं वाजली
आणि मला वाटलं, पत्र्यावर माकडं आली.

ह्यांचा फोन, काट्यावरून:
"सळईचं काही म्हणाले का?"

हे सळईच्या कारखान्यात वजनकाट्यावर बसतात.
भरला ट्रक, रिकामा ट्रक, वजाबाकी, पावती.
बारा वर्षं ह्यांच्या डोळ्यांसमोरून
साऱ्या मुलखाची घरं गेली
ताडपत्रीखाली, आडवी.
आमचं एक उभं राहीना.

फ्लॅट अंबड रोडला, तिसरा मजला.
भिंतींना गिलावा नाही अजून,
हॉलच्या भगदाडातून कुणाची तरी मोसंबी दिसते.
बिल्डरचा माणूस म्हणाला,
बांधकाम चालू असताना घेतला तर जीएसटी,
पुरा झाल्यावर घेतला तर नाही.
पण तेव्हा भाव हा राहणार नाही, ताई.

म्हणजे तव्यावरची भाकरी मागितली तर कर,
टोपल्यात पडली की माफ.
टोपल्यापर्यंत आपला हात पोचेल
ह्याचा नेम कोण देणार?

रात्री लेकीच्या गणिताच्या वहीत, मागच्या पानावर,
मी हप्ता मांडला. त्याच्याखाली टँकर.
साबण स्वस्त झाला म्हणतात, झालाही;
वडीपण उतरली, ओल्या हाताला कळतं.

गांधी चमनजवळ मुंदडांच्या ऑफिसात
तीन खुर्च्या, त्यातली एक मोडकी, ती मला.
हे म्हणाले, कर्जाच्या व्याजावर सूट मिळते ना?
मुंदडांचा मुलगा कळफलकावरून मान न उचलता म्हणाला,
"खंदारे, तुमच्या पगाराला टॅक्सच बसत नाही.
सूट कशातून वजा करायची?"

हे गप्प बसले.
एवढ्या वर्षांत पहिल्यांदा
ह्यांना टॅक्स बसत नसल्याचं वाईट वाटलं असावं.

मग तोच म्हणाला,
"वहिनींच्या एकटीच्या नावावर घ्या.
बाईला मुद्रांक शुल्क एक टक्का कमी."

हे लगेच हो म्हणाले.
मला बघून गेल्यावर होकार कळवायला
ह्याच माणसाने नऊ दिवस लावले होते.

एकोणीस लाखांचे एकोणीस हजार.
पन्नास रुपये फॉलने तीनशे ऐंशी साड्या.
मी रस्त्यात बोटांवर मोजत आले.

परतूरहून सासूबाईंचा फोन:
"कामून रे? तुझं नाव काय इटाळलं का?"
"एक टक्का वाचतो, आई."
थोरल्या भावजींना तेच. कारखान्यातल्या मित्रांना तेच.
एक टक्का, एक टक्का,
जसं काही दुसरं कारण असूच शकत नाही.
आणि हा टक्का नसता तर,
हे मी विचारलं नाही.
फायद्यात आलेली गोष्ट उलटी करून बघू नये.

निबंधकाच्या ऑफिसात माझा अंगठा लागेना.
सुईनं खाल्लेल्या रेघा, यंत्र म्हणे पुन्हा ठेवा.
"केसांना पुसा," कारकून म्हणाला.
पुसला. पुन्हा नाही.
मागे हे उभे, डब्याची पिशवी धरून.
चौथ्यांदा हिरवा दिवा लागला
आणि पडद्यावर आलं
सत्वशीला उत्तरेश्वर खंदारे, खरेदीदार.
रेशनकार्डावर मी तिसऱ्या ओळीत आहे.

बाहेर लिंबाखाली ह्यांनी दस्ताची फाईल
सवयीनं तळहातावर तोलली.
"साडेतीनशे ग्रॅम."

मी म्हटलं, "भरलेलं की रिकामं?"

ह्यांनी फाईल माझ्याकडे दिली,
गाडीला किक मारली, लागली नाही, परत मारली.
"वीस वर्षांनी सांगतो," म्हणाले.